पूर्वाश्रमीच्या अर्पिता माणकेश्वर

आलेल्या पत्राला उत्तर न देणं माझ्या स्वभावात नाही. दिवाळीच्या छापील शुभेच्छापत्रालाही मी चार ओळी लिहून पाठवत आलो. पण डॉ. शिवकन्या बिराजदार यांचं पत्र आलं आणि त्याला मात्र माझ्याकडून उत्तर गेलं नाही. सकाळी चहा झाला की ते हातात घ्यायचो, पुन्हा वाचायचो आणि शब्दकोशाखाली सारून ठेवायचो.

पत्रात अवघड असं काही नव्हतं. धाराशिव शहराबाहेरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो. निवृत्त होऊन तुळजापूरच्या घरी आल्याला आता बरीच वर्षं झाली. डॉक्टरांची दरवर्षी राज्य परिषद भरते. तिथं शिकणारी मुलं-मुली आपलं संशोधन व्यासपीठावर उभं राहून थोडक्यात सांगतात. याला त्यांच्यात पेपर वाचणं म्हणतात. वाचलेल्या पेपरचा सारांश परिषदेच्या पुस्तिकेत येतो. पुढं तोच विषय सविस्तर लिहून जर्नलला पाठवायचा असतो. जाणकार तो तपासतात, शंका काढतात, दुरुस्त्या सांगतात आणि मग तो छापला जातो. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. टाळ्या मिळतात, प्रशस्तिपत्र मिळतं, फोटो निघतो, आणि लिहायचं राहून जातं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

असे किती पेपर जर्नलपर्यंत पोचतात, हे शिवकन्याबाई मोजत होत्या. काही वर्षांपूर्वीच्या एका परिषदेतले सगळे पेपर घेऊन त्यांनी एकेकाचा माग काढला होता. आमच्या महाविद्यालयातल्या ज्या पेपरांचा माग लागला नाही, त्यांची यादी पत्राला जोडली होती. खाली लिहिलं होतं, 'आपण तेव्हा ग्रंथपाल होता. यातलं काही छापून आल्याचं आपल्याला ठाऊक असल्यास कृपया कळवावं.'

यादीत वरून तिसरं नाव होतं डॉ. अर्पिता माणकेश्वर. विषय, कडबा कापायच्या यंत्रामुळं, म्हणजे कडबाकुट्टीमुळं, हाताला होणाऱ्या इजा.

हा पेपर छापून आलेला मला ठाऊक होता. त्याची प्रत माझ्याच कपाटात होती. कारण डॉ. अर्पिता माणकेश्वर आता डॉ. मैथिली उपाध्ये आहेत, आणि मी अंबादास उपाध्ये, त्यांचा सासरा.

आता मला सांगा, असं पत्र कसं लिहायचं? राज्यभरातल्या डॉक्टरांच्या अभ्यासात एका निवृत्त ग्रंथपालानं मधेच हात वर करून म्हणायचं, की ही माझी सून बरं का, हिचं छापून आलंय! लोक म्हणतील, म्हातारा घरबसल्या आपलीच टिमकी वाजवतोय. शिवाय शेकड्यांनी पेपर, त्यात एकानं काय फरक पडणार? असं स्वतःला समजावत मी पत्र शब्दकोशाखाली ठेवत राहिलो.

मैथिली लोहारा तालुक्यातल्या माकणीची. वडील योगीराज गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. महाविद्यालयात असताना ती माझ्या ग्रंथालयात खिडकीजवळच्या बाकावर बसायची. एकदा चार-पाच जर्नलं समोर उघडी टाकून ती वैतागून म्हणाली, "सर, यात ट्रॅक्टर आहे, बर्फ कापायचं यंत्र आहे, कडबाकुट्टी कुठंच नाही. आमच्याकडं तर सुगी संपली की रोज एखादी बाई हात फडक्यात गुंडाळून येते."

मग ती स्वतःच बेंबळीला, माकणीला गोठ्यागोठ्यात फिरली. यंत्राच्या तोंडाची लांबी मोजली. कडब्याची पेंढी आत सारताना हात पात्यापर्यंत जातो, कारण तोंड आखूड असतं, हे तिनं दाखवून दिलं. बांगड्या अडकल्या की हात मागं घेता येत नाही, हेही. तोंडाला हातभर लांबीची लाकडी पन्हळ जोडली तर हात पात्यापर्यंत पोचतच नाही, असा तिचा निष्कर्ष. तो पेपर वाचायला ती परिषदेला गेली, तेव्हा आमच्या घरी सोयरिकीची बोलणी चालली होती. माझी बायको प्रमोदिनी शेजारणीला कौतुकानं म्हणाली, "मुलगी पुण्याला पेपर वाचायला गेलीय." शेजारीण म्हणाली, "का हो, त्यांच्याकडं इथं येत न्हाय का पेपर?"

माझ्या मुलाशी, कैवल्यशी तिचं लग्न झालं. आमच्याकडं लग्नात सुनेचं नावही बदलतात. ताम्हनात तांदूळ पसरले आणि कैवल्यनं अंगठीनं त्यात लिहिलं, मैथिली. नाव मी सुचवलं होतं. तिला ते आवडलं, तिनं राजपत्रात बदलूनही घेतलं. पुढं करोना आला आणि लिहिणं लांबलं. अखेर पेपर गेला, तो परत आला. तपासणाऱ्यानं विचारलं होतं, हे कडबाकुट्टी म्हणजे काय? मैथिली हसून म्हणाली, "बाबा, याला गोठ्यात न्यायला पाहिजे." तिनं मथळ्यात 'चारा कापण्याची यंत्रं' असं केलं, पुन्हा पाठवला, पुन्हा दुरुस्त केला. छापून आला तोवर उस्मानाबादचंही धाराशिव झालं होतं. कर्तीचं नाव वेगळं, मथळा वेगळा, गाव वेगळं. बिचाऱ्या शिवकन्याबाईंना तो सापडणार कसा?

मार्गशीर्षात मैथिली एकदा म्हणाली, "बाबा, रविवारी धाराशिवला आमच्या संघटनेत व्याख्यान आहे. पेपर वाचतात पण छापत नाहीत, असा काहीतरी विषय आहे. तुमच्या आवडीचा. येता का?"

"कोण बोलणार आहे?"

"कुणी डॉक्टर बिराजदार. पुण्याच्या आहेत, पण मूळच्या आपल्या लोहाऱ्याकडच्या."

मी कप खाली ठेवला आणि येतो म्हणालो. पत्राचं मी तिलाही सांगितलं नव्हतं.

रविवारी आम्ही सभागृहाच्या दारात उतरतो तोच तिला रुग्णालयातून फोन आला. बेंबळीहून हाताची केस आली होती. "तुम्ही बसा बाबा, मी आलेच," म्हणून ती गेली. मी मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसलो.

शिवकन्याबाई साध्या, गंभीर, भराभर बोलणाऱ्या. निम्म्याहून जास्त पेपर कधीच छापले जात नाहीत, हे त्यांनी आलेख दाखवून समजावलं. "एखाद्यानं व्यासपीठावर सांगितलेलं त्या खोलीतल्या लोकांनाच कळतं," त्या म्हणाल्या. "छापलेलं मात्र जो शोधेल त्याचं होतं." हे ऐकून मला उगाच भरून आलं. आयुष्यभर मी हेच तर मनात म्हणत आलो होतो.

मग त्यांनी पुढचा आलेख लावला, छापून आलेल्या पेपरांचा. एक खांब उंच, शेजारचा जेमतेम त्याच्या कमरेएवढा. उंच खांब पुरुषांचा, ठेंगणा बायकांचा.

"मला स्वतःला याचं फार वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "मुली उत्तम पेपर वाचतात आणि मग दिसेनाशा होतात. लग्नानंतर आडनाव बदलतं म्हणून मी नुसत्या नावानंही शोधलं, विषयावरूनही शोधलं. नाहीच. उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच देते." आणि पडद्यावर आलं, डॉ. अर्पिता माणकेश्वर, कडबाकुट्टी. "माझ्या मते त्या परिषदेतला हा सगळ्यात कामाचा पेपर. कुठं गेली असेल ही मुलगी?"

पुढच्या रांगेतून संघटनेतले एक डॉ. रणधीर म्हणाले, "कुठं जाणार? परिषदेला साडी, लेखाला दांडी!"

सभागृह हसलं. दोन तरुण डॉक्टरणी हसल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत.

शिवकन्याबाईंनी हसू ओसरू दिलं. "महिनाअखेरीस हा अभ्यास छपाईला जाईल. त्याआधी कुणाला काही दुरुस्ती सुचवायची असेल तर आत्ता सांगा."

मी उभा राहिलो. खरंच उभा राहिलो. अंगावर सगळ्यांच्या नजरा आल्या. शेजारच्या माणसानं विचारलं, "पाणी पाहिजे का काका? तिकडं कोपऱ्यात आहे." मी मान हलवली, कोपऱ्यात गेलो आणि तहान नसताना ग्लासभर पाणी प्यालो. तोवर आभाराचं भाषण सुरू झालं होतं.

तिथून चालत रुग्णालयात गेलो. स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल. मी गप्प बसलो, म्हणून माझ्या सुनेच्या नावावर एक सभागृह हसलं होतं. आणि आता तेच कागदावर छापलं जाणार होतं.

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बाकावर एक पटकेवाले गृहस्थ बसले होते. धोंडीबा, बेंबळीचे. त्यांच्या सुनेचा, कडूबाईचा हात यंत्रात गेला होता. मी शेजारी बसलो.

"बोटं वाचतेत म्हनली डाक्टरीन बाई," ते आपणहून म्हणाले. "लई धीराची हाय. तुमचं कोन हाय आत?"

"डॉक्टरीणबाई... सून आहे माझी."

"कोन?"

"सून."

त्यांनी कानाजवळ हात नेला आणि माझ्याकडं नीट पाहिलं. "आवं मोठ्यानं सांगा की! चोरी केल्यावानी काय पुटपुटताव? माझी सून असली असती तर म्या येडशीच्या टेसनावर उभा ऱ्हाऊन वरडलो असतो."

समोरच्या बाकावरच्या बायका खुदकन हसल्या. मीही हसलो, पण मान वर न करता. तेवढ्यात मैथिली बाहेर आली. तोंडावरचा मास्क खाली घेत धोंडीबांना म्हणाली, "चारही बोटं आहेत, मामा. अंगठ्याचं टोक गेलं. आता घरी गेल्यावर आधी काय करायचं?"

"पन्हळ बसवायची. सुताराला आजच फोन करतो."

"आज नाही, आत्ता करा. माझ्यासमोर."

त्यांनी निमूटपणे फोन काढला.

घरी जेवायला बसल्यावर मी सगळं सांगून टाकलं. पत्र, यादी, आलेख, साडी आणि दांडी, पाण्याचा ग्लास. मैथिलीनं घास खाली ठेवला. ती रागावेल असं वाटलं होतं. पण ती हळूच म्हणाली, "सगळ्यात कामाचा पेपर म्हणाल्या त्या? असंच म्हणाल्या?"

"हो, याच शब्दांत."

"छापून आल्यावर तो कुणी वाचला असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं," ती म्हणाली. मग जराशानं, "आणि मी दिसेनाशी झाले, असंही म्हणाल्या."

प्रमोदिनीनं माझ्या ताटात भाकरी जरा जोरातच वाढली. "अहो, पण एवढं पत्र घरात घेऊन बसलात कशाला?"

"मला वाटलं, एकट्या मैथिलीसाठी कशाला..."

"एकट्या मैथिलीसाठी? यादीतल्या बाकीच्या मुली काय बिनलग्नाच्या राहिल्या?"

मी तिच्याकडं बघतच राहिलो.

"मला काय बघताय? माझं तरी नाव मूळचं प्रमोदिनी आहे का? मी परंड्याची मथुरा. तुमच्या आईंनी ताम्हनात प्रमोदिनी लिहायला लावलं. त्या दिवसापासून मथी मेली की काय? अजून कुणी मथे म्हणून हाक मारली तर मी आधी वळते. त्या तुमच्या बाईंच्यात नाव बदलायची पद्धत नसेल, म्हणून त्यांच्या ध्यानात आलं नाही. पण तुम्ही तर चांगलं दोनदा तांदळात नाव लिहिलेलं बघितलंत. एकदा बायकोचं, एकदा सुनेचं!"

इतकी पुस्तकं चाळली, आणि ही गोष्ट माझ्या समोरच्या पाटावर बसलेली होती.

मैथिलीनं हात धुतले, यादी मागितली आणि मोबाइल तोंडाशी धरला. तिच्या बॅचच्या मुलींचा एक ग्रुप होता. त्यावर तिनं बोलूनच निरोप टाकला, "पोरींनो, त्या वर्षीच्या परिषदेत ज्यांनी पेपर वाचला होता त्यांनी लगेच सांगा. लग्नानंतर नाव काय ठेवलं, आणि पेपर छापला का? खरं सांगा, सासरे विचारतायत."

पहिलं उत्तर आलं, "कुणाचे सासरे?"

मग जत्रा सुरू झाली. मैथिली एकेक आवाज मोठ्यानं लावत होती आणि प्रमोदिनी तळहातावर हनुवटी टेकून ऐकत होती.

"अगं माझं सुरभीचं शर्वाणी केलंय. पेपर आला ना, गेल्या वर्षीच आला! नवरा म्हणतो फ्रेम करू."

"माझं नाव नाही बदललं, आडनाव बदललं. पण जर्नलवाल्यांनी आडनाव पुढं आणि नाव मागं छापलं, आता माझं आडनाव तेजस्विनी आहे!"

"अर्पे, मी दोन नावं लावते, दवाखान्यात एक, सासरी एक. पेपर सासरच्या नावानं आलाय, सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. त्यांना वाटलं वर्तमानपत्रात आलंय."

प्रमोदिनीला हसू आवरेना. मी वहीत मांडत होतो: जुनं नाव, नवं नाव, जर्नल, वर्ष. माझा हात इतका भरभर चालल्याचं मला बऱ्याच वर्षांत आठवत नाही.

एक आवाज थकलेला आला. "माझा खरंच राहिला गं. लिहायला घेतला होता. बाळ झालं, मग आईचं आजारपण. फाइल अजून आहे." थोडं थांबून, "आता काढू का परत? उशीर नाही ना झाला?"

मैथिलीनं मोबाइल तोंडाजवळ नेला. "नाही झाला. पाठव मला. माझे सासरे ग्रंथपाल आहेत, संदर्भ ते बघतील." आणि मला न विचारताच माझ्याकडून मान हलवून घेतली.

पुढचे काही दिवस मी एकेक पेपर शोधून ताडून पाहिला. यादीतल्या बहुतेक मुलींचे पेपर छापलेले निघाले. दोन-तीन खरंच राहिलेले होते, तेही तसंच नोंदवलं. एवढ्यानं ठेंगणा खांब उंच खांबाइतका होईल की नाही, मला सांगता येत नाही. आमचं एकच महाविद्यालय. पण मुली दिसेनाशा होत नाहीत, त्यांच्याच घरात त्यांचं नाव बदललेलं असतं, एवढं मी ठामपणे लिहू शकत होतो. बाकीच्या महाविद्यालयांतही असंच विचारून पाहावं, असं मी सुचवलं.

अडलो तो मैथिलीच्या ओळीपाशी. आधी लिहिलं, 'मैथिली उपाध्ये ऊर्फ अर्पिता माणकेश्वर.'

प्रमोदिनी खांद्यावरून वाचत होती. "ऊर्फ काय? पोलिसांना हवी आहे का ती?"

मग 'पूर्वाश्रमीच्या' लिहिलं.

मैथिली म्हणाली, "बाबा, हे तर मी संन्यास घेतल्यासारखं वाटतं."

"शब्द तोच आहे गं. बाईचं आधीचं नाव सांगायला मराठीत दुसरा शब्द नाही."

"मग राहू द्या," ती म्हणाली. "माकणीला गेले की मी परत अर्पीच असते. आश्रमात जाऊन-येऊन."

तिच्याशी असलेलं माझं नातं लिहायचं होतं. न लिहिणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, 'सदर लेखिका प्रस्तुत पत्रलेखकाच्या नात्यात आहेत.' वाचून पाहिलं. सरकारी परिपत्रकासारखं दिसत होतं. दुसऱ्यांदा लिहिलं, 'त्या माझ्या सूनबाई आहेत, म्हणून माझी माहिती आपण तपासून घ्यावी.' हे बरं होतं, पण यात मी पुन्हा खांबाआड जाऊन बसलो होतो. नवा कागद घेतला.

'डॉ. मैथिली उपाध्ये, पूर्वाश्रमीच्या अर्पिता माणकेश्वर, या माझ्या सूनबाई आहेत. आपण ज्या मुलीबद्दल कुठं गेली असेल असं विचारलंत, ती त्या वेळी धाराशिवातच, एका बाईची बोटं वाचवत होती. तिचा लेख सोबत जोडला आहे. तपासून घ्यालच. मला तिचा फार अभिमान वाटतो, आणि ते आपल्याला कळवायला मी उशीर केला.'

खाली सही केली. मैथिलीनं दोन्ही नावांनी सही केली, आधी जुन्या, मग नव्या. प्रमोदिनी म्हणाली, "मीही करते, साक्षीदार म्हणून," आणि तिनं कोपऱ्यात लिहिलं, मथुरा.

सगळं ईमेलनं पाठवता आलं असतं. मैथिलीनं तसं पाठवलंही, मुदत चुकू नये म्हणून. पण मला पत्र आलं होतं, त्याचं उत्तर पत्रानंच जायला हवं होतं.

पोस्टात गर्दी होती. खिडकीतल्या ज्ञानोबांनी पाकीट वजन करायला ठेवलं. "बरंच जाड आहे की, सर. काय पाठवताय एवढं?"

मागं रांग होती. बँकेतले एक ओळखीचे गृहस्थ, दोन कॉलेजातली मुलं, परडी घेतलेली एक बाई.

"माझ्या सुनेचा पेपर छापून आलाय," मी म्हणालो. "डॉक्टर आहे ती. तिच्या वर्गातल्या मुलींचेही आलेत. पुण्याला त्यांची नोंद राहिली होती, ती कळवतोय."

"अरे वा!" ज्ञानोबांनी पाकिटावर चिकटपट्टी लावली आणि मागच्या रांगेलाच सांगितलं, "ऐकलं का, सरांच्या सूनबाईंचा पेपर आलाय!"

"आज आलाय?" बँकेतले गृहस्थ म्हणाले. "कितव्या पानावर?"

मी त्यांना पेपर म्हणजे काय ते सांगायला वळलो. तोवर ज्ञानोबांनी शिक्का मारून पाकीट आतल्या पिशवीत टाकलं होतं.